वीसपट दाबाखालचा वारा : लँग्लीच्या पोलादी टाकीविषयी

अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने दोन भागांचा प्रश्न विचारला आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील लँग्ली येथे १९२०च्या दशकातल्या ‘व्हेरिएबल डेन्सिटी टनेल’ची, म्हणजे दाबलेल्या हवेचा वारा मॉडेलवर सोडून मोजमापे घेण्याच्या बोगद्याची, पोलादी टाकी राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जपून ठेवली आहे, एका रिकाम्या टाकीला एवढे महत्त्व का, हा पहिला भाग. दुसरा भाग त्याच्या स्वतःच्या कामाचा आहे. त्याने वीस सेंटिमीटर रुंदीच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) पंखाचे एक छोटे, दूरनियंत्रित विमान बांधले, पंखासाठी ‘नाका २४१२’ हा छेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार, निवडला, जुन्या तक्त्यांवरून लिफ्टचा, म्हणजे पंखाला वर उचलणाऱ्या बलाचा, हिशेब केला, आणि विमान हिशेबापेक्षा बरेच आधी स्टॉल झाले, म्हणजे कोन वाढवताच त्याची लिफ्ट एकदम पडली. तक्ते चुकीचे आहेत का, असे तो विचारतो.

विंड टनेलमध्ये, म्हणजे अशा वाऱ्याच्या बोगद्यांत, मोजमापे घेण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, म्हणून हे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात. तक्ते चुकीचे नाहीत. ते ज्या हवेत मोजले ती हवा वेगळी होती, आणि ती वेगळी का केली होती हे कळले की टाकीचे महत्त्वही कळते आणि स्टॉलचे कारणही.

सुरुवात १९२० पासून करावी लागेल. एन.ए.सी.ए. (नॅशनल ॲडव्हायझरी कमिटी फॉर एरोनॉटिक्स) ही अमेरिकी सरकारची विमानविद्येची संस्था, जिला आपण अभियंते सरसकट ‘नाका’ म्हणतो, १९१५ मध्ये स्थापन झाली. तिच्या लँग्ली प्रयोगशाळेतला पहिला विंड टनेल १९२० मध्ये सुरू झाला. तो इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या टनेलच्या धर्तीवर बांधलेला, पाच फूट व्यासाच्या कक्षाचा, साधा सरळ टनेल होता. त्यात काही दोष होता असे नाही. अडचण अशी होती की पाच फुटांच्या कक्षात विमान मावत नाही. मावते ते त्याचे विसाव्या हिश्शाएवढे मॉडेल. आणि विसाव्या हिश्शाच्या मॉडेलभोवती हवा जशी वाहते तशी ती खऱ्या विमानाभोवती वाहत नाही.

याचे मूळ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे नळीतल्या पाण्यावर केलेल्या प्रयोगांत आहे. प्रवाहाची घनता, वेग आणि वस्तूची लांबी यांचा गुणाकार करून त्याला प्रवाहाच्या श्यानतेने, म्हणजे चिकटपणाने, भागले की एक अंक मिळतो. हा रेनॉल्ड्स अंक दोन ठिकाणी सारखा असेल, तर वेगाने दाबल्या जाण्याचा हवेचा गुण बाजूला ठेवता, दोन्ही ठिकाणचे प्रवाह एकसारखे असतात. तो सारखा नसेल, तर मॉडेलचा आकार कितीही हुबेहूब असला तरी प्रवाह वेगळा असू शकतो. पुढचे सगळे या एका अंकाभोवती फिरते, म्हणून तो प्रत्यक्ष काढूनच पाहू. दीड मीटर रुंदीचा पंख सेकंदाला ५० मीटर वेगाने जात असेल, तर समुद्रसपाटीच्या हवेत त्याचा रेनॉल्ड्स अंक सुमारे ५० लाख येतो. पाच इंच रुंदीचे मॉडेल सेकंदाला २१ मीटर वाऱ्यात धरले, तर तोच अंक जेमतेम पावणेदोन लाख. या दोन आकड्यांमधल्या दरीत पंखावरच्या सीमास्तराचे, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून सरकणाऱ्या हवेच्या पातळ थराचे, सगळे वागणेच बदलून जाते.

ही दरी वेग वाढवून बुजवता येत नाही. विसाव्या हिश्शाच्या मॉडेलसाठी वीसपट वेग हवा; २१ चे ४२० मीटर झाले की आपण ध्वनीच्या वेगाच्या पुढे जातो आणि तिथली हवा निराळ्याच नियमांनी वागते. शिवाय टनेलला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वीसपट वेगाला आठ हजारपट शक्ती. टनेल मोठा करावा तर पैसा आणि इमारत कुठून आणायची, हा प्रश्न होता.

माक्स मुंक यांनी या सूत्रातल्या तिसऱ्या राशीकडे, म्हणजे घनतेकडे, बोट दाखवले. मुंक हे गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले जर्मन संशोधक. १९२० मध्ये ते अमेरिकेत आले आणि ‘नाका’त रुजू झाले. वायूची श्यानता दाबाने जवळपास बदलत नाही, हे मॅक्सवेलच्या काळापासून माहीत होते. मग लांबी आणि वेग तसेच ठेवून हवाच दाबून घट्ट का करू नये? वीस वातावरणांच्या दाबाखाली हवेची घनता वीसपट होते, श्यानता तेवढीच राहते, आणि रेनॉल्ड्स अंक वीसपट होतो. शक्तीही फक्त वीसपट लागते, आठ हजारपट नाही. ध्वनीचा वेग दाबावर अवलंबून नसल्यामुळे ती अडचणही उद्भवत नाही. वर काढलेला पावणेदोन लाखांचा अंक अशा हवेत ३० ते ३५ लाखांवर जातो, म्हणजे खऱ्या विमानाच्या शेजारी येऊन बसतो. मुंक यांचा हा प्रस्ताव १९२१ चा. एवढ्या थोड्या गणितातून एवढे मोठे यंत्र निघाल्याची उदाहरणे माझ्या क्षेत्रात फार नाहीत, आणि आजही हे गणित फळ्यावर मांडताना मला पहिल्यांदा वाचल्याइतकाच आनंद होतो.

यंत्र बांधणे मात्र सोपे नव्हते. वीस वातावरणांचा दाब सोसणारी एवढी मोठी टाकी बांधायला जहाजबांधणीचाच कारखाना हवा होता. शेजारच्या न्यूपोर्ट न्यूज येथील गोदीने ती बांधली. लांबी साडेचौतीस फूट, व्यास पंधरा फूट, पोलादी पत्र्याची जाडी सव्वादोन इंचांना थोडी कमी, आणि वजन सुमारे ८५ टन. आत मधोमध पाच फूट व्यासाचा मोजमापाचा कक्ष. हवा मधल्या कक्षातून पुढे जायची आणि त्याच्या भोवतीच्या कंकणाकृती पोकळीतून मागे परत यायची. म्हणजे टनेलचा परतीचा रस्ताही टाकीतच गुंडाळून बसवलेला होता. १९२३ पासून तिथे नियमित काम सुरू झाले.

ज्याने कधी टनेलमध्ये हात घातला आहे त्याला या रचनेतला जाच लगेच दिसेल. साध्या टनेलमध्ये मॉडेलचा कोन बदलायचा तर वारा बंद करून दार उघडतो, स्क्रू सैल करतो, नवा कोन लावतो. इथे टाकी दाबाखाली. दार उघडायचे तर सगळी हवा सोडा आणि नंतर पुन्हा भरा. म्हणून कोन बदलणे, तराजूवरची वजने सरकवणे, हे सगळे बाहेरून विजेच्या मोटरींनी करावे लागे, आणि माणूस टाकीच्या भिंतीतल्या जाड काचेच्या झरोक्यातून आकडे वाची.

मॉडेलांचे तर निराळेच. पाच इंच रुंद आणि तीस इंच लांब अशा पंखाच्या तुकड्यावर साध्या हवेत, २१ मीटर वेगाला, जास्तीत जास्त चार किलोंच्या आसपास लिफ्ट येते; तेवढी लाकडी मॉडेल सहज सोसते. वीसपट घनतेत तीच लिफ्ट ७५ ते ८० किलो होते. बारा टक्के जाडीच्या छेदाची सर्वांत जाड जागा इथे जेमतेम पंधरा मिलिमीटर असते. पंधरा मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर एक मोठा माणूस उभा आहे असे समजा, आणि ती पट्टी वाकली तर मोजलेला आकडा निकामी. म्हणून ती मॉडेले ड्युरॅल्युमिनची, यंत्रावर कातून आणि हाताने घासून गुळगुळीत केलेली असत. अशा मॉडेलांची पुढची कड घासताना कारागिराचा हात किती हलका लागतो हे मी जवळून पाहिले आहे. तिथे केसाएवढा खड्डा राहिला तरी जास्तीत जास्त लिफ्टच्या आकड्यात तो दिसतो.

१९२७ च्या ऑगस्टमध्ये या टनेलला आग लागली आणि आतले लाकडी काम जळून गेले. दाबलेल्या हवेत प्राणवायूही वीसपट दाटलेला असतो, त्यामुळे लाकूड तिथे किती झपाट्याने पेटते हे वेगळे सांगायला नको. टाकी शाबूत राहिली. मुंक त्याआधीच, १९२७ च्या सुरुवातीला, सहकाऱ्यांशी न पटल्याने संस्था सोडून गेले होते. आतली रचना नव्याने बसवण्यात आली, आणि १९३० पासून टनेल पुन्हा कामाला लागला. त्याचे सर्वांत मोठे काम यानंतरचे आहे.

त्या काळी पंखाचे छेद बव्हंशी अनुभवाने आणि अंदाजाने ठरत. कोणी क्लार्क-वाय वापरी, कोणी गटिंगेनचा एखादा छेद, आणि प्रत्येकाचे आकडे वेगळ्या टनेलमधले, वेगळ्या रेनॉल्ड्स अंकाचे. त्यांची आपसांत तुलना करण्यात अर्थच नसे. लँग्लीतले संशोधक ईस्टमन जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी एक निरीक्षण केले : चांगले समजले जाणारे गटिंगेन ३९८ आणि क्लार्क-वाय हे दोन छेद घेऊन त्यांचा बाक, म्हणजे मधल्या रेषेची कमान, काढून टाकला आणि जाडी एका मापाला आणली, तर दोघांची जाडीची वाटणी जवळपास सारखीच निघते. मग त्यांनी तीच वाटणी पायाभूत धरली आणि बाक किती, बाक कुठे, जाडी किती, या तीनच गोष्टी एकेक करून बदलत ७८ छेदांचे एक कुटुंब तयार केले. ते सगळे एकाच टनेलमध्ये, ३० लाखांच्या आसपासच्या रेनॉल्ड्स अंकावर मोजले. हा अहवाल १९३३ चा. चार आकडी नावे याच कुटुंबाची : २४१२ म्हणजे बाक रुंदीच्या २ टक्के, तो पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर, आणि जाडी १२ टक्के.

विमान आखणाऱ्याच्या हाती त्यामुळे काय आले, याचा विचार करा. जाडी तीन टक्क्यांनी वाढवली तर ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, किती वाढेल, बाक पुढे सरकवला तर स्टॉल किती अचानक येईल, हे त्याला आता तक्त्यात पाहता येऊ लागले. डीसी-३ विमानाच्या पंखाला मुळाशी २२१५ आणि टोकाला २२०६ हे छेद आहेत. त्याच विमानाची सैनिकी आवृत्ती म्हणजे आपल्या हवाई दलाचे डाकोटा. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला जवान उतरवले ते याच पंखांवर. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिक ज्या सेस्ना १७२ वर हात बसवतात तिचा पंखही २४१२ चाच आहे. त्या पोलादी टाकीत मोजलेले आकडे असे रोजच्या उड्डाणांत अजून वावरत आहेत.

एवढे असूनही या टनेलमध्ये एक खोड होती. माझ्या मते ती टनेलच्या कीर्तीइतकीच महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

१९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये गुस्ताव आयफेल आणि गटिंगेनमध्ये प्रांट्ल यांच्या प्रयोगशाळांनी साध्या गोळ्याचा ड्रॅग मोजला. आयफेल यांचा आकडा गटिंगेनच्या निम्म्याहूनही कमी निघाला. गोळ्यासारख्या वस्तूत चूक तरी कुठे करणार? प्रांट्ल यांनी १९१४ मध्ये गोळ्याच्या पुढच्या भागावर बारीक तारेचे एक कडे बसवले आणि ड्रॅग वाढायच्या ऐवजी झपकन उतरला. तारेने सीमास्तर ढवळून निघतो. ढवळलेला, म्हणजे संक्षुब्ध, सीमास्तर गोळ्याला अधिक मागेपर्यंत चिकटून राहतो आणि मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो. क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका बाजूला जे करते आणि चेंडू स्विंग होतो, ते हेच. पॅरिसमध्ये वेग जास्त होता आणि वाऱ्यात आधीच खळबळ होती, म्हणून तिथला सीमास्तर तारेवाचूनच ढवळला जात होता.

याचा अर्थ फार गंभीर होता. टनेलचा वारा स्वतः किती शांत आहे यावर मोजमाप अवलंबून असते. वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ह्यू ड्रायडन आणि आर्नल्ड क्यूदी यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस तप्त तारेच्या साहाय्याने ही खळबळ प्रत्यक्ष मोजली आणि खळबळ बदलली की एकाच एअरशिप-मॉडेलचा ड्रॅग कसा बदलतो तेही दाखवून दिले. आता लँग्लीच्या टाकीकडे पाहा. परतीचा रस्ता आखूड, वळणे तीव्र, पंखा जवळ. वाऱ्याला निवळायला जागाच नाही. ती टाकी भरपूर खळबळीची होती. पुढे जेकब्स आणि त्यांच्या गटाने याची दुरुस्ती म्हणून २.६४ हा गुणक वापरला : या टनेलमधला ३० लाखांचा अंक हा शांत हवेतल्या सुमारे ८० लाखांसारखा धरावा. ही सोय होती, खरा उपाय नव्हे. ढवळलेल्या वाऱ्यात सीमास्तर पंखाच्या अगदी पुढच्या भागातच संक्षुब्ध होतो. तो स्तरीय, म्हणजे शांत थरांचा, राहिला तर ड्रॅग किती कमी होईल, हे अशा टनेलमध्ये दिसूच शकत नाही, मग गुणक कोणताही लावा.

मी हे शिकलो ते पुस्तकातून नव्हे. उमेदवारीच्या काळात आम्ही एका सममित पंखाच्या मॉडेलचा ड्रॅग शून्य कोनावर पुन्हा मोजत होतो आणि महिन्यापूर्वीच्या आकड्याशी तो काही केल्या जुळेना. तराजूवर वजने टांगून पाहिली, तो बरोबर. मॉडेल स्पिरिटने पुसून पाहिले, पुढची कड भिंगाखाली तपासली, तारांचे सांधे बदलले. दोन आठवडे असे गेले. शेवटी एका जुन्या तंत्रज्ञांनी वाऱ्याच्या निवळण-कक्षाचे झाकण उघडायला लावले. आतल्या बारीक जाळीच्या खालच्या कोपऱ्यात हातभर भाग धुळीने आणि मेलेल्या किड्यांनी बुजला होता. जाळी उतरवून साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली, बसवली. दुसऱ्या दिवशी जुना आकडा जसाच्या तसा परत आला. बिघाड मॉडेलमध्ये नव्हता, तराजूतही नव्हता. आमचा वाराच बदलला होता. त्या दिवसापासून कोणताही आकडा पाहिला की तो कोणत्या वाऱ्यात मोजला हे मी आधी विचारतो.

लँग्लीच्या लोकांनी हा प्रश्न स्वतःच्या टनेलला विचारला, याचे मला फार मोल वाटते. १९३५ मध्ये जेकब्स युरोपात जाऊन आले. केंब्रिजमध्ये मेल्व्हिल जोन्स यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. खऱ्या विमानाच्या पंखावर, मोकळ्या आकाशात, सीमास्तर टनेलमध्ये दिसतो त्यापेक्षा बराच मागेपर्यंत शांत राहतो, असे जोन्स यांच्या उड्डाणातल्या मोजमापांत आढळले होते. परतल्यावर जेकब्स यांनी कमी खळबळीच्या टनेलचा ध्यास घेतला. असा पहिला टनेल १९३८ मध्ये उभा राहिला. पुढचा मोठा वायुमार्ग, जाळ्यांचे थर, आणि मग कक्षाकडे एकदम निमुळते होणे, या युक्त्यांनी वारा निवळला. पाठोपाठ १९४१ मध्ये दाबाखाली चालणारा, दहा वातावरणांपर्यंतचा, कमी खळबळीचा टनेल सुरू झाला. मुंक यांचा दाब आणि ड्रायडन यांनी मोजायला शिकवलेली शांतता एकत्र आली ती तिथे. पी-५१ मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाच्या पंखामागचे स्तरीय-प्रवाहाचे छेद या वाटेने आले. कारखान्यातल्या रिव्हेटांनी आणि पुढच्या कडेवर चिकटणाऱ्या किड्यांनी प्रत्यक्षातला शांत प्रवाह बराच कमी केला, हे खरे. पण त्या छेदांचा जास्त वेगाला चांगलाच फायदा झाला.

जुन्या टाकीचे टनेल म्हणून काम १९४०च्या दशकात थांबले. त्यानंतर अनेक वर्षे ती दाबलेली हवा साठवायला वापरली. १९८५ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. हा दर्जा म्हणजे अभय नव्हे : लँग्लीचाच तीस फूट बाय साठ फुटांचा पूर्णाकृती टनेल, ज्यात अख्खे विमान बसवून मोजत, त्यालाही त्याच वर्षी हा दर्जा मिळाला होता आणि तरी तो पुढे पाडण्यात आला. मुंक यांची कल्पना मात्र त्याच आवारात चालू आहे. तिथल्या नॅशनल ट्रान्सॉनिक फॅसिलिटीत द्रवरूप नायट्रोजन फवारून वायू उणे दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करतात आणि वर दाबही देतात. थंडीने घनता वाढते आणि श्यानता घटते, म्हणजे सूत्राचा अंश आणि छेद दोन्ही आपल्या बाजूला झुकतात.

आता तुमचे विमान. पंखाची रुंदी ०.२ मीटर, आणि अशी विमाने उडतात तो वेग सेकंदाला १५ मीटर धरू. रेनॉल्ड्स अंक येतो २ लाख. १९३३ चे तक्ते ३० लाखांचे, आणि तेही खळबळीच्या वाऱ्यातले. तुमचा पंख त्यांच्यापेक्षा १९२० च्या त्या साध्या टनेलमधल्या मॉडेलाच्या जवळ आहे. इतक्या कमी अंकाला सीमास्तर पंखाच्या वरच्या बाजूला बराच मागेपर्यंत स्तरीय राहतो, आणि स्तरीय सीमास्तराला वाढत्या दाबाविरुद्ध तग धरता येत नाही. तो पृष्ठभाग सोडतो, त्याखाली थांबलेल्या हवेचा एक बुडबुडा बसतो, आणि कोन थोडा वाढला की तो फुटून लिफ्ट एकाएकी पडते. तुमचा लवकर आलेला स्टॉल बहुधा हाच आहे.

म्हणून आधी २ लाखांच्या आसपास आणि कमी खळबळीच्या टनेलमध्ये मोजलेले आकडे शोधा. छोट्या विमानांसाठी केलेली अशी मोजमापे आज उपलब्ध आहेत. संगणकावर हिशेब करणार असाल, तर प्रवाह संक्षुब्ध कुठे होतो हे तो प्रोग्रॅम स्वतः ठरवतो की पहिल्यापासून सगळे संक्षुब्धच धरतो, ते तपासा. दुसऱ्या प्रकारात हा बुडबुडा दिसणारच नाही आणि उत्तर पुन्हा १९३३ च्या तक्त्यासारखे गोड येईल. मग प्रत्यक्ष पंखावर, वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाचव्या हिश्शावर नागमोडी कडेची पातळ चिकटपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावा. प्रांट्ल यांच्या तारेचे काम ती करील. तिच्या मागे तीन-तीन सेंटिमीटर लांबीचे लोकरीचे धागे ओळीने चिकटवा, पंख एखाद्या उघड्या जीपवर मजबूत चौकटीत बसवा, पहाटे वारा पडलेला असताना रिकाम्या रस्त्यावर पट्टीसह आणि पट्टीशिवाय असे दोनदा न्या, आणि कोन एकेका अंशाने वाढवत धागे कोणत्या कोनाला उलटे फिरतात ते शेजारी बसलेल्या माणसाला वहीत लिहायला सांगा.